सही नसलेली वर्षं

टॉम थॉमसन या कॅनडाच्या निसर्गचित्रकाराविषयी लिहायला बसलं की बहुतेकांची लेखणी आधी त्याच्या मृत्यूकडे वळते. ८ जुलै १९१७ रोजी ऑंटारिओतल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये तो कनू लेकवर होडी घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा मृतदेह पाण्यात सापडला. वय ३९. अपघात, आत्महत्या की खून, यावर शंभर वर्षं काथ्याकूट चाललाय. मला त्यात फारसा रस नाही. खटकतं ते असं, की या एका आठवड्यावर एवढी शाई सांडणारी मंडळी त्याच्या आयुष्यातली सलग दहा-बारा वर्षं एका वाक्यात उरकतात. सुरुवातीला पोटासाठी कमर्शियल आर्टमध्ये नोकरी केली, म्हणे. पुढचं वाक्य थेट जंगलात.

हे उरकणं सहज होत नाही. कमर्शियल आर्ट म्हणजे पोटाची सोय, आणि खरी चित्रकला सुरू होते ती नोकरी सुटल्यावर, अशी एक ठाम समजूत त्यामागे असते. निसर्गचित्रकाराच्या बाबतीत ती जास्तच घट्ट. आभाळ आणि पाणी यांच्यासमोर एकटा बसलेला माणूस आणि कॅटलॉगची अक्षरं आखणारा माणूस एकच, हे आपल्या पचनी पडत नाही. मला मात्र वाटतं, थॉमसनसारख्यांना निसर्गचित्र जमलं ते त्या नोकरीत हाताला जे लागलं त्याच्याच जोरावर. आणि हे एकदा मान्य केलं की आजच्या काळाला विचारायचा एक प्रश्न समोर उभा राहतो: पगार देऊन माणसाला वर्षानुवर्षं रेघ मारायला बसवणारी ती जागा आता कुठे आहे?

थॉमसनचं कलाशिक्षण असं रीतसर झालंच नाही. टोरोंटोत संध्याकाळच्या वर्गाला तो काही काळ गेला, तेवढंच. जन्म १८७७चा, घर शेतकऱ्याचं, बालपण लीथ या गावाजवळ. आधी एका फाउंड्रीत उमेदवारी केली, ती टिकली नाही. मग बिझनेस कॉलेज. मग १९०१च्या सुमारास तो अमेरिकेत सिएटलला गेला, जिथे त्याचा थोरला भाऊ असंच एक कॉलेज चालवत होता. तिथल्या एन्ग्रेव्हिंगच्या, म्हणजे छपाईचे ठसे बनवण्याच्या, धंद्यात तो शिरला आणि परत आल्यावर टोरोंटोतही तेच काम धरलं. १९०९ मध्ये ग्रिप लिमिटेड या कंपनीत लागला. काम काय, तर लेटरिंग, पुस्तिकांचे लेआउट, चौकटी, वेलबुट्टी. त्यावर करणाऱ्याची सही नसायची, त्यामुळे त्यातलं नेमकं कुठलं थॉमसनच्या हातचं हे आज बहुतेक वेळा सांगता येत नाही. संग्रहालयाची नोंदवही सहीवर चालते. ज्यावर सही नाही ते संग्रहातून गळतं, मग चरित्रातून गळतं, आणि शेवटी ते घडलंच नव्हतं असं वाटू लागतं.

त्या काळच्या ब्लॉकच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या ठशांच्या, धंद्यात चित्र काढणाऱ्याला काय काय शिकावं लागे, ते जरा जवळून बघायला हवं. लाइन ब्लॉकमध्ये करडा रंग नसतो. पत्र्याचा जो भाग उंच राहिला तो शाई घेतो, आम्लानं खाल्लेला भाग कोरा राहतो, अधलंमधलं काही नाही. झाड काढायचं तर आधी ठरवावं लागतं: फांदी काळी आणि आभाळ कोरं, की आभाळ काळं आणि फांदी कोरी? दोन्ही थोडं थोडं चालत नाही. हाफटोनमध्ये करडा मिळतो, पण ठिपक्यांच्या जाळीतून. त्यात नाजूक छटा एकमेकींत मिसळून चिखल होतो, म्हणून छटा मोजक्या आणि एकमेकींपासून लांब ठेवायच्या. रंगीत कामात प्रत्येक रंगाला वेगळा ठसा आणि प्रत्येक ठशाचा खर्च वेगळा. मग तीन रंगांत पाच रंगांचं काम कसं भागवायचं याची अक्कल येते. मूळ काम मोठं करायचं आणि ते छपाईत लहान झाल्यावर काय उरेल, याचा अंदाज आधीच बांधायचा. लेटरिंगची शिस्त तर याहून कडक. दोन अक्षरांच्या मधली मोकळी जागा अक्षराइतकीच काळजीनं आखावी लागते, नाहीतर ओळ लंगडते. आणि हे सगळं ठरल्या वेळेत, क्लायंटला पसंत पडेल असं.

यातलं एकही कौशल्य निसर्गचित्राला परकं नाही.

‘नॉर्दर्न रिव्हर’ हे त्याचं १९१४-१५ मधलं चित्र घ्या. समोर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या काळपट खोडांची आणि काटक्यांची उभी जाळी, तिच्या फटींतून मागे वळण घेतलेली नदी आणि पाण्यात उतरलेले पानगळीचे रंग. जाळी जवळजवळ सपाट आहे. खोलीचा आभास आहे तो फटींत. बघणाऱ्याची नजर एकेका फटीतून आत जाते, आणि त्या फटींचे आकार खोडांइतकेच विचारपूर्वक काढलेले दिसतात. दोन अक्षरांमधली जागा ज्यानं वर्षानुवर्षं आखली त्यालाच हे असं सुचावं, यात मला नवल वाटत नाही. या चित्रासाठी केलेला एक छोटा अभ्यास टोरोंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑंटारिओमध्ये आहे. तो ग्वाश (अपारदर्शक जलरंग) आणि शाईत, चक्क इलस्ट्रेशन बोर्डावर केलेला आहे. म्हणजे जंगलाचं चित्र रचायला बसलेल्या माणसानं नोकरीतलीच साधनं पुढे ओढली होती.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं ‘द जॅक पाइन’ हे चित्र (१९१६-१७) बघा. एकच झाड, खडकावर उभं, फांद्या लोंबलेल्या. मागे तलाव, पलीकडे टेकड्या, वर संध्याकाळचं आभाळ. आभाळ आणि पाणी आडव्या, रुंद, चौकोनी फटकाऱ्यांत बसवलंय. जवळजवळ पट्टेच ते. त्यांच्यावर झाडाची आकृती वळणदार रेषेत. हिरव्याच्या कडांना खालच्या लाल अस्तराचा रंग मुद्दाम उघडा ठेवलाय, त्यामुळे झाड आभाळावर थरथरल्यासारखं दिसतं. दुरून पाहिलं तर हे पोस्टर आहे. जवळ गेलं की रंगाचा जाड थर दिसतो आणि पोस्टर विरघळतं. दोन्ही गोष्टी एका चित्रात एकत्र नांदतात, आणि त्यातली पहिली तो जंगलात शिकला नव्हता.

जंगलातही जुनी सवय सोबत होतीच. साधारण साडेआठ बाय साडेदहा इंचांच्या लाकडी फळ्या घेऊन तो हिंडायचा आणि एका बैठकीत एक स्केच उरकायचा. अशी चारशेच्या वर स्केचेस मागे राहिली, मोठी कॅनव्हास चित्रं पन्नासएक. अल्गॉन्क्विनला तो पहिल्यांदा गेला १९१२च्या मे महिन्यात, तेही ग्रिपमधल्याच एका सहकाऱ्याबरोबर. म्हणजे ही सगळी पुंजी पाच-सव्वापाच वर्षांची आहे. पस्तिशीला आलेला माणूस एकाएकी असा झपाट्यानं काढू लागतो, तेव्हा हात आधीच तयार होता हे उघड आहे.

हात तयार करणाऱ्या त्या कंपनीविषयीही थोडं सांगायला हवं, कारण थॉमसन तिथे एकटा नव्हता. जे. ई. एच. मॅकडॉनल्ड हा तिथला मुख्य डिझायनर. आर्थर लिस्मर आणि फ्रेड व्हार्ली हे इंग्लंडमधल्या शेफील्डहून आलेले. फ्रँक जॉन्स्टन. फ्रँकलिन कारमायकल १९११ मध्ये आठवड्याला अडीच डॉलरवर उमेदवार म्हणून लागला. कलाविभागाचा प्रमुख अल्बर्ट रॉबसन या पोरांना सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर जाऊन स्केचिंग करायला उत्तेजन द्यायचा. १९१२ मध्ये रॉबसन रूस अँड मॅन या दुसऱ्या कंपनीत गेला तर त्याच्यामागोमाग यांतले बरेच जण तिकडे गेले. असा साहेब मिळणं हा नशिबाचा भाग, हे कबूल. पण ज्येष्ठाच्या टेबलाशेजारी कनिष्ठाचं टेबल, ही धंद्याची रचना होती, नशीब नव्हे.

थॉमसन गेल्यावर तीन वर्षांनी, १९२० मध्ये, ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ स्थापन झाला. कॅनडाचं निसर्गचित्र म्हटलं की आज जगाला जे आठवतं ते या सात जणांचं. त्यांतले पाच ग्रिपमध्ये काम केलेले. सहावा, ए. वाय. जॅक्सन, मॉन्ट्रियलमध्ये पोरवयातच शिळाछापाच्या कारखान्यात लागला होता. सातवा लॉरेन हॅरिस, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या श्रीमंत घराण्यातला, त्याला पोटासाठी नोकरीची गरज नव्हती. एका देशाचा डोळा घडवणारी चळवळ एका छापखान्याच्या कलाविभागातून निघावी, ही गोष्ट कुठल्याही कलाशाळेनं पाठ्यक्रमात पहिल्या पानावर घ्यावी अशी आहे. घेतली जाते ती तळटीपेत.

यावर आक्षेप येणार, आणि तो एडवर्ड हॉपरचं नाव घेऊनच येणार. या अमेरिकन चित्रकारानं जवळजवळ वीस वर्षं मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रं काढली आणि ते काम त्याला मनापासून नकोसं होतं. १९१३च्या आर्मरी शो या न्यूयॉर्कमधल्या गाजलेल्या कलाप्रदर्शनात त्याचं एक चित्र विकलं गेलं, नंतर दहा वर्षं काही नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या रेन गॅलरीतलं त्याचं जलरंगांचं प्रदर्शन सगळंच्या सगळं विकलं गेलं, तेव्हा कुठे त्यानं इलस्ट्रेशनला रामराम ठोकला. वय ४२. ही वीस वर्षं वाया गेली असं तो म्हणत असेल तर आपण कोण त्याला शहाणपण शिकवणार? फक्त एवढंच बघा, की दीपगृहं आणि रिकाम्या रस्त्याकडेची घरं काढताना तो कॅनव्हासच्या चौकटीत वस्तू कुठे कापतो, उन्हाचा तुकडा भिंतीवर किती सपाट ठेवतो. मासिकाच्या पानाचं गणित त्याच्या हातात मुरलेलं होतं. त्याला ते आवडत नव्हतं, हा भाग वेगळा. व्याकरणही कुणाला आवडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नोकरीनं घडवलं म्हणता, मग थॉमसन नोकरीतच का राहिला नाही? कारण राहिला असता तर ‘जॅक पाइन’ निघालं नसतं, हे अगदी खरं. ‘अ नॉर्दर्न लेक’ हे त्याचं चित्र १९१३ मध्ये ऑंटारिओ सरकारनं २५० डॉलरला घेतलं. त्याच सुमारास जेम्स मॅकॅलम या डोळ्यांच्या डॉक्टरानं त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला: वर्षभराचा खर्च मी करतो, तू फक्त चित्रं काढ. हॅरिस आणि मॅकॅलम यांनी पैसे घालून टोरोंटोत चित्रकारांसाठी स्टुडिओची इमारत उभी केली, १९१४ मध्ये ती तयार झाली. पुढे तिच्या मागच्या शेडमध्ये महिना एक डॉलर भाड्यानं थॉमसन राहत असे. १९१५ मध्ये कॅनडाच्या नॅशनल गॅलरीनं ‘नॉर्दर्न रिव्हर’ ५०० डॉलरला विकत घेतलं. म्हणजे दोन गोष्टी लागल्या: आत शिरायला एक दरवाजा आणि योग्य वेळी बाहेर पडायला दुसरा. गरिबीनं कलाकार घडतो या भंपक कल्पनेशी माझ्या म्हणण्याचा काही संबंध नाही. पगार मिळत होता, आणि नंतर पगाराशिवाय जगायची सोय झाली. दोन्ही वेळा कुणीतरी पैसे मोजले.

सगळ्यांना बाहेर पडावंसं वाटतं असंही नाही. ए. जे. कॅसन हा १९२६ मध्ये ग्रुपमध्ये आलेला धाकटा सभासद. सॅम्पसन-मॅथ्यूज या छपाई कंपनीत तो वर्षानुवर्षं कलाविभाग सांभाळत होता, साठीला टेकेपर्यंत नोकरी केली, आणि सुट्ट्यांत ऑंटारिओतली छोटी गावं रंगवत राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच कंपनीनं नॅशनल गॅलरीच्या मदतीनं कॅनडाच्या निसर्गचित्रांचे सिल्कस्क्रीन, म्हणजे कापडी जाळीतून रंग दाबून केलेले छाप, काढले. ते सैनिकांच्या बराकींत लागले, पुढे शाळांत आणि बँकांत लागले. कित्येक कॅनेडियनांनी आपल्या देशाचं निसर्गचित्र पहिल्यांदा पाहिलं ते या छापील रूपात. कॅसनची चित्रं थॉमसनच्या तोडीची आहेत असं मी म्हणणार नाही. पण निसर्गचित्रकाराचं आयुष्य असंही असू शकतं, आणि त्याला अर्धवट म्हणायचं कारण नाही.

उदाहरणं कॅनडापुरती नाहीत. विन्स्लो होमर हा समुद्राचा थोर अमेरिकन चित्रकार बॉस्टनच्या शिळाछापखान्यात उमेदवार होता, मग साप्ताहिकांसाठी यादवी युद्धाची चित्रं काढत होता. जपानच्या हिरोशिगेनं एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरचे मुक्काम काढले ते प्रकाशकानं विकायला मागितलेले ठसे म्हणून. तिथे तर निसर्गचित्र आणि धंदा वेगळे काढताच येत नाहीत. आणि आपल्या सय्यद हैदर रझाचं काय? १९४३ मध्ये मुंबईत आल्यावर त्यानं एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी केली आणि उरलेल्या वेळात शहराचे रस्ते, छपरं, पावसाळी उजेड जलरंगात उतरवले. १९५० मध्ये पॅरिसला जाण्याआधीचा रझा हा मुख्यतः निसर्गचित्रकार आहे. त्याच्या नंतरच्या बिंदूच्या चित्रांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, ब्लॉक स्टुडिओवर कुणी बोलत नाही. हुसेनची सिनेमाची होर्डिंग तेवढी आठवतात, आणि तीही हालअपेष्टांची कहाणी म्हणून.

याचं एक कारण आपल्या शिक्षणाच्या रचनेत आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. स्वतंत्र संस्थेमुळे त्या विषयाला मान मिळाला, चांगले डिझायनर घडले, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिंत दोन्ही बाजूंना असते. एका बाजूचा विद्यार्थी ऑन द स्पॉट लँडस्केप उत्तम करतो आणि आपलं चित्र छापून लहान झालं की त्याचं काय होतं हे त्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या बाजूचा लेआउट झकास करतो आणि झाडासमोर बसायची सवय त्याला कुणी लावलेली नसते. ग्रिपमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच आठवड्यात होत होत्या, सोमवार ते शनिवार एक आणि रविवारी दुसरी.

कमर्शियल नजरेचा वारसा निव्वळ सोन्यासारखा होता असंही नाही, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पोस्टर काढणारा गर्दी साफ करतो, एक आकृती ठेवतो, बाकीचं काढून टाकतो. ग्रुप ऑफ सेव्हनच्या चित्रांवर पुढे जी टीका झाली ती नेमकी इथे बोट ठेवते: ही भूमी रिकामी का? तिथले मूळ रहिवासी कुठे गेले? अल्गॉन्क्विन पार्कचं नाव ज्या लोकांवरून पडलं ते चित्रांत नाहीत, आणि ते ‘अस्पर्श’ अरण्य तर कित्येक दशकं लाकडासाठी तोडलं जात होतं. थॉमसनला याचं भान काहीसं होतं. ओंडके वाहून नेणारे कामगार, लाकडाच्या घसरंड्या त्यानं रंगवल्या आहेत. पण भिंतीवर लागतं ते एकटं पाइनचं झाड. रिकाम्या भूमीची ही ओढ कुठून आली हे समजायलासुद्धा त्या काळच्या प्रवासी पुस्तिका आणि या चित्रकारांचं नोकरीतलं काम शेजारी ठेवून पाहावं लागतं. कौतुक करायचं असो की टीका, ती वर्षं वगळून चालत नाही.

आता आजचं. रेखाटनाचं टेबल एका दिवसात गेलं नाही. जाहिरातीत फोटो आला, मग तयार फोटोंचे साठे आले, मग लेटरिंगची जागा फॉन्टनं घेतली, मग लेआउट संगणकावर गेला. प्रत्येक टप्प्यावर हातानं काढण्याचं काम थोडं थोडं कमी झालं. आता चार शब्द लिहिले की डोंगर, तळं, धुकं हजर करणारी यंत्रं आली आहेत, आणि त्यांचा पहिला फटका बसतो तो कारमायकलच्या जागेवर: नवशिक्याला दिलं जाणारं किरकोळ, निनावी, कमी पैशांचं काम. नावाजलेला इलस्ट्रेटर कदाचित तगेल. पण नावाजलेला होण्याआधीची दहा वर्षं त्यानं कुठे काढायची? यंत्रानं दिलेलं चित्र दुरुस्त करून देण्याची नोकरी मिळते म्हणतात. त्यात निवड शिकता येते हे मान्य. पण फांदी काळी की आभाळ काळं, हा निर्णय कोऱ्या कागदावर घेण्याची पाळी त्यात येत नाही, आणि हात तर काहीच शिकत नाही.

बाजार हे टेबल परत आणणार नाही, त्याला गरज नाही. सार्वजनिक पैशानं जे छापलं जातं त्याच्याबाबतीत मात्र आपल्याला आग्रह धरता येईल. पर्यटन खात्याची माहितीपत्रकं, अभयारण्यांचे नकाशे आणि फलक, पाठ्यपुस्तकातली नदी आणि घाट ही कामं कुणाला तरी द्यायचीच असतात. ती तयार साठ्यातून किंवा यंत्रातून उचलण्याऐवजी चित्रकाराला द्यावीत, जागेवर जाऊन काढायच्या अटीवर, आणि प्रत्येक ज्येष्ठाच्या हाताखाली एक पगारी उमेदवार ठेवावा. खर्च वाढेल, वेळही जास्त लागेल, आणि निघालेली बहुतेक चित्रं सामान्य असतील. ग्रिपमधून निघालेलं बहुतेक कामही सामान्यच होतं. मॅकॅलमनं वर्षाचा खर्च उचलण्याआधी कित्येक क्लायंटांनी थॉमसनला पैसे दिले होते, बदल्यात साधी पुस्तिका घेऊन. त्यांची नावं कुठल्याच चित्राखाली लागलेली नाहीत. आपल्या खात्यांची नावंही लागणार नाहीत, आणि ज्या वर्षी पैसे मंजूर होतील त्या वर्षी दाखवायला हातात काहीही नसेल. अंदाजपत्रक मांडणाऱ्याला हे पटवणं अवघड आहे. पण वाद घालायचा तर तो तिथे जाऊन घालावा लागेल.